मुख्याध्यापकांच्या एसीशेजारी

मी तापमापक बोलतोय. आजाऱ्याच्या काखेत बसणारा नव्हे, हवेचा. हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या एका मराठी शाळेच्या गच्चीवर, पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत माझा मुक्काम आहे.

मला इथं आणलं विद्यानगरच्या माधवी मॅडमनी. त्या हवामानाच्या संशोधक. शहराचा कुठला भाग किती तापतो, ते शाळाशाळांतल्या मुलांनीच मोजावं, आपल्या संशोधनात त्यांनी बरोबरीनं उतरावं, अशी त्यांची इच्छा. माझ्यापुढं नारळ फुटला. मुख्याध्यापक कुलदीप सर वाढत्या उन्हावर इतका वेळ बोलले, की उन्हात उभी असलेली दोन पोरं भोवळ येऊन खाली बसली.

मुलं माझ्यासोबत फोटो काढून गेली. आकडे टिपायला पुन्हा वर येत राहिली ती एकटी नववीतली मानसी.

पुढं सरांच्या खोलीत एसी आला. त्याचं बाहेरचं धूड बसवलं नेमकं माझ्या तोंडासमोर. ते दिवसभर माझ्यावर गरम हवा सोडी. मला खोटं बोलता येत नाही. अंगाला लागलं ते सांगत गेलो.

आणि आमची शाळा शहरात सर्वांत उष्ण ठरली. सरांना कोण आनंद झाला. वर्तमानपत्रात मुलाखत आली, सत्कारही ठरला.

मानसीला मात्र चैन पडेना. सुटीच्या दिवशी ही गरमी जाते कुठं? एका दुपारी ती माझ्याजवळ उभी राहिली, तोंडावर झळ बसली आणि तिला कळलं. तशीच सरांकडे गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, सत्कार होऊन जाऊ दे. आत्ताच कायकू काढायचं?"

सत्काराचे पाहुणे मला बघायला गच्चीवर आले. माहिती सांगायचं काम मानसीचं. बोलली तर सर चिडणार. नाही बोलली तर मॅडमच्या संशोधनात तिच्या हातून खोटं जाणार.

"सर, एसी थोडा वेळ बंद करू?"

पाहुण्यांसमोर सर नाही कसे म्हणतील? एसी थांबला. माझा आकडा सर्वांदेखत घसरत गेला.

माधवी मॅडम मानसीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शहर असंच तापतंय गं. जो तो आपली खोली गार करतो आणि झळ शेजाऱ्याला देतो. आता आपण दोघी हेच मोजू."

एसी जागचा हलला नाही. मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. आता माझे आकडे खरे येतात, म्हणून फोटोला कुणी येत नाही. मानसी येते.

परवा पालकसभेत सरांनी अभिमानानं सांगितलं म्हणे, की आपल्या शाळेनं परिसराचं तापमान कमी करून दाखवलंय.

लोकहो, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवाच. पण आधी एकदा गच्चीवर येऊन माझ्याशेजारी उभे राहा.