बॅग कोण घेणार

माणसाची पारख करायची तर गोल्फचं मैदान हवं, असं आमच्या डायरेक्टरांचं मत आहे. हे प्रितम सर महिन्यातून एकदा पुण्याहून जालन्याला येतात, आमच्या बियाण्याच्या प्लँटमधून एक चक्कर मारतात आणि धुळीने शिंका यायला लागल्या की गेस्ट हाऊसवर जाऊन बसतात. तिथे बसून त्यांना आमची पारख होत नसावी. कारण प्लँट हेडची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी धर्मराजला आणि मला कोकणातल्या एका गोल्फ रिसॉर्टचं आमंत्रण दिलं. "मुलाखत वगैरे काही नाही," ते म्हणाले, "दोन दिवस फक्त खेळू." हीच मुलाखत आहे, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

मला ती जागा हवी होती. उगाच लाजायचं कारण नाही. जुने हेड आजारी पडले तेव्हापासून प्लँट मीच चालवत होतो. वाळवणीपासून पोती शिवण्यापर्यंत एकही मशीन असं नव्हतं की ज्याचा आवाज बिघडलेला मला गेटवरून कळत नसे. धर्मराजकडे शेतकऱ्यांचं काम होतं, म्हणजे जीपमधून गावोगाव फिरायचं, चहा प्यायचा आणि सगळ्यांचं लाडकं व्हायचं. ते तो फार छान करायचा. माणूस गोड आहे.

आम्ही दोघं भोकरदनजवळच्या एकाच गावचे. त्याचं घर पाटलांचं, गावात शिरताच पहिलं. आमचं बौद्ध वस्तीत, ओढ्याच्या पलीकडे. माझे वडील अप्पाराव एस.टी.त कंडक्टर होते आणि आम्ही दोघं त्यांच्याच गाडीने भोकरदनला शाळेत जायचो. त्या गाडीत खिडकीजवळची जागा रोज धर्मराजला मिळायची. मी वडिलांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

कंपनीत कोणी नवीन आलं की धर्मराज माझ्या खांद्यावर हात टाकून ओळख करून द्यायचा, "हा राजा. राजानंद. आमचा माणूस." मला बरं वाटायचं. जिथे लोक आधी आडनाव विचारतात आणि मग जरा जपून बोलायला लागतात, तिथे कोणीतरी चारचौघांत आपल्याला आपलं म्हणतंय, हे कानाला गोडच लागणार.

सरांनी आमंत्रणाच्या आधीच दोघांना गोल्फच्या काठ्यांचा एकेक अर्धा संच पाठवून दिला होता, शिकून ठेवा म्हणून. धर्मराजने तो जीपच्या मागच्या सीटवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. मी मात्र दर रविवारी प्लँटच्या मागच्या माळावर जायचो, मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि चेंडू मारायचा. जमीन अशी टणक की चेंडू उंच उडवण्यात अर्थच नव्हता; खालून मारला की टणाटण उड्या घेत लांब पळायचा. एकदा माझी बायको मोनाली डबा घेऊन आली आणि बघतच उभी राहिली. "रस्त्यावरचे लोक मला विचारून राह्यलेत," ती म्हणाली, "सायबाचं काय हरवलंय म्हणून."

रिसॉर्ट समुद्राला अगदी लागून होतं. झाड नावाला नाही. वाळूची टेकाडं, त्यांवर आखूड गवत, मधूनमधून माणूस उभा पुरेल असे खड्डे, आणि वारा. अशा मैदानाला लिंक्स म्हणतात आणि खरा गोल्फ तो हाच, असं सरांनी गाडीत दोनदा सांगितलं होतं. इथे गाड्या चालत नाहीत, सगळं पायी. धर्मराज समुद्राकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि हळूच मला म्हणाला, "एवढं पानी समोर, आन् प्यायला बाटली इकत घ्यावी लागून राह्यली." मला हसू आवरेना. आमची दोस्ती अशी होती, हे खोटं सांगून चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळ सुरू झाला. सामान वाहणारे कॅडी त्या दिवशी सगळेच्या सगळे कुठल्याशा बँकेच्या मोठ्या ग्रुपबरोबर गेले होते. आमच्या दोघांच्या बॅगा लहान, आम्ही खांद्याला लावल्या. सरांची बॅग चामड्याची, पोत्याएवढी. तिच्यासाठी त्यांनी दोन चाकांची ट्रॉली घेतली.

पहिल्याच फटक्याला सरांचा चेंडू झकास उंच गेला आणि वाऱ्याने तो उचलून टेकाडापलीकडे नेऊन टाकला. धर्मराजचा गवतात गेला आणि सापडलाच नाही. मी आपला माळावरच्यासारखा खालून मारला. चेंडू जमिनीला चिकटून पळत पळत झेंड्याच्या जवळ गेला.

"अरे!" सर म्हणाले. "लिंक्सवर असंच खेळतात. तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही सर. प्लँटच्या मागचा माळ असाच आहे."

त्यांना फार मजा वाटली. पुढच्या होलवरही तसंच झालं. सर माझ्याशी चालता चालता ड्रायरविषयी, नव्या गोदामाविषयी बोलायला लागले. मला कळत होतं की जागा माझ्या बाजूला सरकते आहे. मनातल्या मनात माझा मोनालीला फोनसुद्धा लावून झाला होता.

तिसऱ्या होलवर ट्रॉलीचं चाक वाळूत रुतलं आणि ओढताना निखळलं. सरांनी क्लब हाऊसला फोन केला. दुसरी ट्रॉली पाठवतो, वेळ लागेल, असं उत्तर आलं. मागे तो बँकेचा ग्रुप येऊन उभा राहिला होता. सरांनी बॅगेकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवला. "मला डॉक्टरने वजन उचलायला मनाई केली आहे," ते म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

"त्यात काय सर," धर्मराज म्हणाला. "राजा घेईल ना. आमचाच माणूस आहे."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण तो थांबला नाही. त्याला आठवण आली होती आणि ती सांगताना तो खुलत गेला. "सर, आमचं तीन पिढ्यांचं नातं आहे. याचे आजोबा भुजंगबुवा, आमच्या आजोबांची वळकटी डोक्यावर घेऊन भोकरदनच्या कचेरीपर्यंत पायी जायचे. आजोबा घोड्यावर, हे पुढे. ऊन असो, पाऊस असो. एकदापण न्हाई म्हणले न्हाईत."

"काय सांगतोस!" सर म्हणाले. "अशी नाती आता कुठे राहिली."

माझे आजोबा नाही म्हणाले होते. दीक्षा घेतली त्या वर्षी कचेरीच्या रस्त्यावर त्यांनी वळकटी खाली ठेवली, आता हे काम करणार नाही असं सांगितलं आणि घरी आले. त्यानंतर कितीतरी दिवस गावातल्या दुकानात आमच्या घराला मीठ मिळालं नाही. हे पाटलांच्या घरात माहीत नाही असं नाही. पण गोष्ट सांगताना तेवढं गळून पडतं. मी धर्मराजच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कपट नव्हतं, टोमणा नव्हता, नुसती माया होती. इतकी वर्षं माझ्या खांद्यावर जो हात पडत होता तो याच मायेने पडत होता.

बॅग घेतली तर काय होईल आणि नाही म्हटलं तर काय होईल, याचा मी विचार केला असं लिहायला आवडलं असतं. विचार काही केला नाही. मी धर्मराजच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी त्याच्याच सुरात म्हणालो, "सर, धर्मराज घेईल ना. आमचाच माणूस आहे."

सर खो खो हसले. "तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात," म्हणाले, आणि हसता हसता बॅगेचा पट्टा त्यांनी धर्मराजच्या हातात दिला.

धर्मराज हसला नाही. त्याचे कान लाल झाले, मानेपर्यंत लाल झाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या आईला शिवी दिली होती. पण पट्टा हातात होता, समोर साहेब होते आणि मागे बँकवाले खोळंबले होते. त्याने बॅग उचलली. त्याची स्वतःची लहान बॅग मी घेतो म्हणालो, तर ती त्याने दिली नाही. दोन खांद्यांवर दोन बॅगा घेऊन तो वाळूतून चालायला लागला.

टेकाडं चढताना त्याचा श्वास लागत होता. सर मधेच थांबून म्हणाले, "धर्मराज, एवढ्या मोठ्या घरचा मुलगा तू, आणि बघ." तो म्हणाला, "चालतंय सर." थोड्या वेळाने क्लब हाऊसचा माणूस नवी ट्रॉली घेऊन धावत आला. तोपर्यंत धर्मराजच्या ध्यानात काहीतरी आलं असावं. "राहू द्या सर," तो म्हणाला, "आता उचललीच आहे तर शेवटपर्यंत मीच आणतो." रिकामी ट्रॉली आमच्या मागून ओढत आणली गेली.

खेळ मी जिंकलो. आयुष्यात पुन्हा तसा खेळणार नाही इतका चांगला खेळलो.

संध्याकाळी धर्मराज खोलीबाहेरच्या बाकावर खांदा चोळत बसला होता. मी शेजारी बसलो.

"तू तसं बोलायला नको व्हतं," तो म्हणाला.

"कसं? तूच तर रोज म्हणतोस."

"माझं येगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "तुला कळत न्हाई का?"

"कळलं," मी म्हणालो. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघत बसलो. सर पुढच्या सीटवर घोरत होते.

पुढच्या महिन्यात सरांनी मला गेस्ट हाऊसवर बोलावलं. चहा मागवला, म्हणजे बातमी वाईट होती.

"राजानंद, मी स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "खेळ तुझा चांगला. प्लँट तुलाच जास्त कळतो. पण वर बसणाऱ्या माणसाला विनम्रता लागते. धर्मराजने त्या दिवशी नवी ट्रॉली आली तरी बॅग खाली ठेवली नाही. मी ते विसरू शकत नाही. आणि तू, रागावू नकोस हं, तू मित्राला ओझं उचलायला लावलंस."

"सर, आधी त्याने माझं नाव घेतलं होतं."

"ते वेगळं रे. तो प्रेमाने म्हणाला होता."

मी चहा प्यालो. बॅग मी उचलली असती तर ती विनम्रता ठरली नसती. माझ्या घरची रीत ठरली असती. हे त्यांना सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर मी चिडका ठरलो असतो आणि त्यांची पारख बरोबर निघाली असती. म्हणून मी "बरोबर आहे सर" म्हणालो.

"आणि धर्मराजच्या सत्काराच्या दिवशी तू बोल," सर म्हणाले. "लहानपणापासूनचा मित्र आहेस. ती बॅगेची गोष्ट सांग. तुझ्या तोंडून शोभेल."

सत्कार प्लँटच्या आवारात झाला. मांडव घातला होता. धर्मराजची आई नंदाबाई पुढच्या सोफ्यावर होत्या. गावातून बरेच लोक आले होते. माझ्या वडिलांना आणायला धर्मराजने आठवणीने जीप पाठवली होती. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मधल्या रांगेत बसले होते. त्या रिसॉर्टवर काय झालं ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. आजोबांचं नाव कसं निघालं, ते मला त्यांच्यासमोर उच्चारवत नव्हतं.

माइकपाशी जाईपर्यंत मी सगळं सांगणार होतो. वळकटी, मीठ, खांद्यावरचा हात, सगळं. मग समोर सर दिसले, धर्मराज दिसला. सोमवारपासून मला त्याच्याच हाताखाली काम करायचं होतं. मी भ्यालो. सरांची ट्रॉली मोडली, धर्मराजसाहेबांनी बॅग उचलली, नवी ट्रॉली आली तरी खाली ठेवली नाही, इतकंच सांगितलं. नंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. टाळ्या पडल्या. माझे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बाकीचे थांबले तरी ते थांबले नाहीत.

त्यांना मीच गावी सोडायला निघालो. प्लँट बराच मागे पडल्यावर ते म्हणाले, "पाटलाच्या घरातलं कोनी दुसऱ्याचं वझं खांद्यावर घेईल, आसं मला जल्मात वाटलं नव्हतं. तुहा आजा आसता आज तर त्याला बी खरं वाटलं नसतं."

"हो बाबा."

"तू व्हतास ना तिथं?"

"होतो."

"मंग जरासा हात द्यायचा व्हता ना रं त्याला," वडील म्हणाले. "लेकरानं एकट्यानं एवढं वझं वाह्यलं."