पिल्लाच्या हातातलं फळ

मला बिबे फोडायला शिकायचं होतं आणि माय मला दगडाजवळ फिरकूही देत नव्हती. आमचं भांडण एवढंच, पण रोजचं. माझी माय पंचफुला पुसदच्या एका व्यापाऱ्यासाठी बिबे फोडून गोडंबी काढते. बिब्याचं तेल उडालं की कातडी उतते, फोड येतात, म्हणून आधी हाताला राख चोळते. मग दगडाचा एकच ठोका, की आतली गोडंबी अख्खी बाहेर! हे कसं जमतं, ते जवळून पाहिल्याशिवाय कळणार कसं? पण मी जरा सरकले की ती खेकसायचीच, "दीपा, हो तिकडं!"

शनिवारी इंद्रजीत सरांनी शाळेत चिंपांझीच्या पिल्लाचा माहितीपट लावला आणि पालकांनाही बोलावलं. माय येऊन मागे बसली. पडद्यावर पिल्लाची आई दगडाने कठीण फळं फोडत होती. पिल्लू तिच्या मांडीला चिकटून टक लावून बघत होतं. मग त्यानं एक फळ उचललं नि तोंडाकडे नेलं.

"अरे, टाक ते! तोंड उतन ना बाप्पा!" माय उठून ओरडली.

सगळा वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र हसले नाहीत. "पंचफुलाबाई, तो बिबा नाही. त्या फळानं काही होत नाही."

"असं काय," माय म्हणाली, पण बसली नाही. "मंग त्याची माय त्याले शिकवत काहून नाई?"

"शिकवत नाही, पण अडवतही नाही. पाहून पाहूनच शिकते ते. सहा-सात वर्षं लागतात."

माय खाली बसली. घरी जाताना मी लगेच विषय काढला.

"पाह्यलं? ते चिंपांझीन पोराले जवळ बसू देते. तूच काहून नाई देत?"

माय चालता चालता हसली. "सात वर्सं लागते म्हने त्याले! मले तीन दिवस लागले. आठ वर्साची होती मी."

तिच्या आवाजात एवढी ऐट मी कधी ऐकली नव्हती. मी हुरळून गेले. "मंग मलेबी तीन दिवसांत येईन!"

"येईन ना. त्याचंच त भेव वाटते." तिनं आपले काळे पडलेले हात पदरात गुंडाळले. "मी मायच्या बाजूले बसून पाहत राहो. मले कोनी उठवलंच नाई."