आत सरकलेल्या ओळी

बाबा पाणी पीत नव्हते. या एका गोष्टीने तिचा अख्खा महिना खाल्ला होता.

तसे बाबा पहिल्यापासून हट्टीच. चष्म्याचं दुकान चालवायचे तेव्हाही गिऱ्हाइकाने पसंत केलेली फ्रेम त्याच्या नाकाला शोभत नसली तर सरळ काढून घ्यायचे. आता दुकान नव्हतं, वाचा नव्हती, उजवा हात चालत नव्हता. झटका येऊन गेल्यापासून ते शुश्रूषा केंद्रात खिडकीजवळच्या खाटेवर होते, आणि हट्ट करायला तोंड मिटून घेणं एवढंच काय ते त्यांच्याकडे उरलं होतं. तेवढं मात्र ते मन लावून करत. रविवारी ती स्वतः गेली, कपाटातला पावडरचा डबा काढून पाणी कालवलं, की निमूट पीत. ती घरी पोचते न पोचते तोच केंद्रातून फोन यायचा, की पुन्हा दातखीळ बसली.

"लाड हवेत हो त्यांना," तिथली माणसं म्हणायची. "लेकीच्या हातचंच गोड लागतं."

तिला ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडलंही होतं.

लेक प्रोग्रॅमर होती. केंद्रातली सगळी पानं तिच्याच प्रोग्रॅममधून निघत. पूर्वी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पुठ्ठ्यावर कागद लटकलेला असे. आता भिंतीवर पडदा होता आणि प्रत्येक रुग्णाचं त्यावर एक पान. पानावर ‘सूचना’ नावाची चौकट. घरच्यांनी किंवा सिस्टरने तिच्यात लिहायचं, सेव्ह करायचं, आणि मदतनिसाने भरवण्याआधी ते वाचायचं. इतकी साधी सोय. बाबांना तिथे ठेवताना तिला धीर आला होता तो त्या चौकटीमुळेच.

पडद्यावर दिसणाऱ्या पानामागे जो एचटीएमएल, म्हणजे पान रचणारा कोड, असतो तो सहसा कोणी बघत नाही. प्रोग्रॅमने तो एका दमात, एकाच लांबलचक ओळीत ओकला तरी ब्राउझरची काही तक्रार नसते. पण तिच्या टीमच्या प्रमुखाची असे. त्याला सगळे ‘कंगवा’ म्हणत. स्वतःच्या डोक्यावर मोजून चार केस, पण कोड कसा विंचरलेला हवा! टॅगच्या, म्हणजे पानाचा एकेक भाग सांगणाऱ्या खुणेच्या, पोटातला टॅग चार स्पेस आत, त्याच्या पोटातला आणखी चार आत. "माणसाने वाचायचं आहे ते," तो म्हणायचा, "कोंबड्यांनी उकरायचं नाही." तिलाही नीटनेटकेपणाची हौस. तिने प्रोग्रॅमला असं वळण लावलं, की बाहेर पडणारी प्रत्येक ओळ आपली जागा पाहून तेवढी आत सरकूनच बसे. कंगव्याने तो नमुना म्हणून चार जणांना दाखवला होता. तिची कॉलर तेव्हा बरीच ताठ झाली होती.

बाबांना तिथे ठेवल्यापासून ती रोज त्या चौकटीत काही ना काही लिहायची, आणि गेला महिनाभर पाण्याबद्दलच. कचेरीत जाताना, मोबाईलवरून, सगळ्यात वर, म्हणजे आधी नजरेत भरावं म्हणून. ‘पाणी फार कमी पितात, लक्ष द्या.’ दुसऱ्या दिवशी, ‘आग्रह करून पाजा.’ मग, ‘आधी नाही म्हणतात, ऐकू नका.’ मोबाईलवर त्या चौकटीच्या जेमतेम दोन ओळी दिसत. दुसरी ओळ किंचित आत सरकलेली असे. ती तिला उलट छानच वाटे, वहीत परिच्छेद पाडल्यासारखी. चौकट खाली सरकवून बाकीचं तिने कधी पाहिलं नाही. आपणच लिहिलेलं कोण पुन्हा वाचतो!

त्या दिवशी दुपारी कंगवा दुसऱ्या टीमच्या दोघांना घेऊन तिच्या टेबलाशी आला. "दाखव गं यांना, विंचरलेला एचटीएमएल कसा असतो ते."

तिने हाताशी होतं ते पान उघडलं. अर्थात बाबांचंच. मागचा कोड पडद्यावर आला. टॅगच्या ओळी एकाखाली एक, शिस्तीत.

"आणि हे काय?" पाहुण्यांपैकी एकाने बोट ठेवलं. "इथे जिना केलाय की तुम्ही."

सूचनेच्या चौकटीतला मजकूर खरोखरच जिन्यासारखा दिसत होता. आजची ओळ डावीकडे, कालची आत, परवाची त्याहून आत. जुन्या ओळी तर इतक्या दूर गेल्या होत्या, की त्या पाहायला पडदा उजवीकडे ओढावा लागला.

तिला एका नजरेत कळलं. इतर टॅगच्या मधल्या स्पेस ब्राउझर मोजत नाही. पण लिहायच्या चौकटीत जे असेल ते तो माणसाने लिहिलेलंच समजतो. तिचा प्रोग्रॅम पान सुंदर दिसावं म्हणून चौकटीतल्या ओळीही आत ढकलत होता, पहिली तेवढी सोडून. सेव्ह केलं की त्या रिकाम्या जागाही मजकूर म्हणून साठत. पुढच्या वेळी आणखी ढकलल्या जात. भिंतीवरच्या पडद्यावर या रिकाम्या जागा गाळूनच मजकूर येई आणि सगळं सरळ दिसे, म्हणून कोणाला पत्ता नाही. तिने चाचणी घेतली होती ती एका ओळीच्या सूचनेवर, आणि एक ओळ कधीच सरकत नाही.

"जागा किती आहे या चौकटीला?" कंगव्याने विचारलं. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"हजार अक्षरं. पुढचं कापलं जातं."

ती झरझर खाली गेली. शेवटची ओळ तिचीच, जुनी, मधेच तुटलेली. हिच्याखाली सिस्टरने पहिल्या दिवशी लिहिलेली ओळ असायला हवी होती. तिच्याच समोर बसून लिहिलेली, डॉक्टरांनी बजावून सांगितलेली. पाणी, चहा, सूप, जे काही पातळ असेल ते पावडर घालून घट्ट करूनच द्यावं, पातळ पाणी श्वासनळीत जातं.

ती ओळ तिथे नव्हती.

पडद्यावर वर, ठळक, तिची स्वतःची ओळ होती. आज सकाळचीच. ‘काहीही करून एक पेला पोटात जाऊ द्या.’

तिने केंद्रात फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तो नव्या मदतनिसाने. महिन्याभरापूर्वी आलेला, दांडगा, मनाने मऊ माणूस. सगळे त्याला पैलवान म्हणत. आधीची बाई बाबांचं सगळं पाठ असलेली होती. ती सोडून गेली आणि हा आला, आणि हा बिचारा पडद्यावर जे असेल ते इमानाने वाचायचा.

"पैलवान, बाबांना पाणी देऊ नका!"

"अहो ताई, पण आज तर प्याले!" त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "तुम्ही लिहिलं होतं ना, काहीही करून. मी म्हटलं आज सोडायचंच नाही. हनुवटी धरली, चमच्या-चमच्याने घातलं. अर्धा पेला गेला बघा. तुम्हाला फोनच करणार होतो."

"पावडर घातली होती?"

"कसली पावडर?"

मग पलीकडे तिला खोकला ऐकू आला. ओला, खोल, न थांबणारा.

"ठसका लागलाय जरा," पैलवान म्हणाला. "रोजचाच आहे."

रोजचाच. म्हणजे महिनाभर त्यांनी तोंड मिटलं ते लाडासाठी नव्हतंच. जीव वाचवत होते ते. आणि ती रोज सकाळी, न चुकता, त्यांचं तोंड उघडायला माणसं पाठवत होती.

"सिस्टरना बोलवा. ताठ बसवा त्यांना. डॉक्टरांना बोलवा. आधी सिस्टरना फोन द्या."

सिस्टर आली. लेकीने तिला जमेल तेवढं सांगितलं. सिस्टरने एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "म्हणजे बाकीच्यांच्या सूचनासुद्धा?"

"सगळ्यांच्या तपासा. डॉक्टरांच्या फाइलवरून."

"सुरुवात कोणापासून करू? माणसं पुष्कळ आहेत हो."

उत्तर तिला ठाऊक होतं. "ज्यांच्या घरचे रोज लिहितात त्यांच्यापासून. ज्यांची कोणी चौकशी करत नाही त्यांची पानं शाबूत असतील."

कंगवा एव्हाना तिच्या खुर्चीत बसला होता. "एका ओळीचं काम आहे, मी करतो," तो म्हणाला. "तू नीघ." काम खरोखरच एका ओळीचं होतं. तिला त्याचाच राग आला, आणि राग काढायला समोर स्वतःशिवाय कोणी सापडेना.

टॅक्सीत ती सगळा वेळ पुढच्या सीटची पाठ धरून बसली होती. प्रत्येक सिग्नल तिच्यावर सूड उगवत होता. सिस्टरचा फोन येईल म्हणून मोबाईल हातात, आणि तो येऊ नये म्हणून जीव टांगणीला. जिना चढताना तिच्या मनात एकच वाक्य घोळत होतं, की मी काळजी करत होते. ते कोणाला सांगून उपयोग नव्हता.

बाबा ताठ बसवलेले होते. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, पण खोकला थांबला होता. डॉक्टर छाती ऐकून निघत होते.

"ताप येतो का ते बघावं लागेल," ते म्हणाले. "आज काही सांगता येणार नाही. आता घट्ट पाणी द्या, हळूहळू."

पैलवान दाराशी उभा होता, रडवेला. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुमची चूक नाही. तुम्ही लिहिलेलंच केलंत."

तिने डबा काढला, पाणी कालवलं, चमचा घेऊन खाटेवर बसली. "बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे. आणि तोंड मिटून घेतलं.

आजवर तिच्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. ओठ आत ओढलेले, जबडा आवळलेला. तिला वाटलं, आपण आत्ता इथेच ओरडून रडू.

"घट्ट आहे बाबा. हे बघा." तिने चमचा तिरका केला. पाणी सावकाश कडेला आलं, लोंबलं, पडलं नाही. बाबा बघत राहिले. तोंड उघडलं नाही.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होतात आणि मी त्यांना सांगत होते, ऐकू नका म्हणून."

बाबांनी डावा हात उचलला. त्यांनी तिच्या हातातला चमचा घेतला, पुन्हा पेल्यात बुडवला, आणि निम्मा सांडत तिच्या ओठांपाशी आणला.

तिने तोंड उघडलं. बेचव, बुळबुळीत घोट. तो गिळेपर्यंत बाबांची नजर तिच्या गळ्यावर होती. गिळल्यावरही त्यांनी घाई केली नाही. ती खोकते का, हे त्यांनी बराच वेळ नीट पाहिलं.

मग त्यांनी चमचा तिला परत दिला आणि तोंड उघडलं.