रिकाम्या जागांसकट

आईने त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो रांगत होता, आणि चाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. फोन आला की हा स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालणार, जेवताना पाय हलवणार, ऑफिसात खुर्ची सोडून उभ्याउभ्याच कोड वाचणार. पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणतात तो हाच. आणि हाच माणूस घर हलवायचा विषय निघाला की खांबासारखा पाय रोवून उभा राहायचा. आता याला काय म्हणावं?

विषय निघाला होता बायकोच्या नोकरीवरून. ती कृत्रिम पाय बनवायची. अपघातात पाय गेलेल्या माणसाचं माप घ्यायचं, साचा घासायचा, पट्टे लावायचे आणि त्याला पुन्हा उभं करायचं. हाताला असा गुण की माणसं लांबून तिचं नाव विचारत यायची. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाने तिला अख्खी कार्यशाळा सांभाळायला बोलावलं होतं. तिला जायचं होतं, आणि ते ती लपवतही नव्हती. घोडं अडलं होतं आईपाशी. आईची धाकटी बहीण मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली, आई रोज दोन्ही वेळा जाऊन तिला भरवून यायची.

"ती आहे तोवर मी इथून हलत नाही," आईने सांगून टाकलं. "तुम्ही खुशाल जा."

भिंगरीचं मात्र एकच पालुपद. "जायचं तर सगळ्यांनी एकदम. नाहीतर कोणीच नाही."

"म्हणजे कोणीच नाही," त्यांची मुलगी म्हणाली. दुसरीत होती, पण एवढं तिलाही कळत होतं.

वरून हा हेकेखोरपणा दिसायचा. आतून नुसती भीती होती. त्याचे वडील असेच 'मी पुढे जाऊन जागा बघतो' म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. घर एकदा दोन ठिकाणी झालं की पुन्हा एक होत नाही, हे त्याच्या मनाने तेव्हापासून धरून ठेवलं होतं. बायकोला हे माहीत होतं. म्हणून तर ती महिनाभर नुसती विचारत राहिली, नाहीतर थांबणाऱ्यातली ती नव्हे.

गंमत अशी की ऑफिसातही त्याच्या गळ्यात स्थलांतरच पडलेलं. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं, सगळी मेमरी आपल्याच बापाची, आणि कर्नल त्याला तसं वाटू देतो. प्रोग्रॅम त्या मेमरीत इथे एक पट्टा, तिथे एक पट्टा अशा जागा धरून बसतो. कुठल्या पत्त्यावर काय आहे ते कर्नल सांभाळतो. पट्टा दुसरीकडे न्यायचा म्हणजे आतलं सामान उचलायचं नसतंच. सामान जिथल्या तिथे, बदलतो तो फक्त पत्ता. पण एका हाकेला एकच पट्टा हलायचा. ओळीने दहा पट्टे हलवायचे तर दहा वेळा कर्नलचं दार ठोठावा. एकाच हाकेत सगळी ओळ हलेल असं करून दाखवायचा विडा भिंगरीने उचलला होता.

हे काम ज्यांच्या नजरेखालून जायचं त्या बाईंना सगळे पाठीमागे चाळणी म्हणत. त्यांच्या हातून खडा निसटला असं कधी झालंच नव्हतं. बायकोने इस्पितळाला उत्तर द्यायचा दिवस आणि चाळणीबाईंचा फोन, दोन्ही एकाच दिवशी आले.

"तुझ्या कोडने एक प्रोग्रॅम मेला," बाई पडद्यावरून म्हणाल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"असं कसं, मॅडम? पट्टे तर सगळे पोचले."

"पट्टे पोचले. त्यांच्या मधली रिकामी जागा कुठे गेली?"

भिंगरी खिडकीकडे निघाला होता तो थबकला. त्याने नव्या ठिकाणी एक पट्टा संपला की लगेच दुसरा, असे खेटून बसवले होते. तेवढीच आवराआवर, असं वाटून तो खूशही झाला होता.

"रिकामीच तर होती. फुकट कशाला अडवून ठेवायची?"

"तुझी आहे का ती? त्या प्रोग्रॅमने ठेवली आहे. पहिल्या पट्ट्यापासून अमुक अंतरावर आपलं सामान आहे, एवढंच त्याला ठाऊक. तू अंतर मोडलंस, तो भलत्याच घरात शिरला. जागा का सोडली ते तुला कळायची गरज नाही. होती तशी ने."

चूक शाळकरी होती आणि ती त्याला झोंबली. पण बाई थांबतात कसल्या!

"आणि मधला एखादा हललाच नाही तर?"

"तर बाकीच्यांना मागे आणायचं. सगळे किंवा कोणीच नाही."

"मागे आणतानाच अडलं तर? तोवर जुनी जागा दुसऱ्या कोणी घेतली तर?"

भिंगरी खिडकीपासून टेबलाशी परत आला.

"जे हललं ते हललं," बाई म्हणाल्या. "राहिलं ते जागेवर. आणि अडलं, हे सरळ तोंडाने सांगायचं. यापेक्षा मोठं वचन द्यायची ताकद आपल्यात नाही."

"म्हणजे अर्धवट काम!"

"अर्धवट नाही रे. अर्धं झालेलं."

संध्याकाळी घरी येऊन त्याने हा सगळा प्रसंग बाईंच्या आवाजात, हातवारे करून सांगितला. 'तुला कळायची गरज नाही' तर नाक वर करून दोनदा म्हणून दाखवलं. मुलगी खिदळली. बायको साच्याची पांढरी पूड नखांतून काढत ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "मी दुपारी त्यांना हो कळवलं."



"मला न विचारता?"

"विचारत नव्हते? महिनाभर विचारतेय. तुला सगळ्यांचं उत्तर एकदम हवं होतं, ते येणार कुठून?" तिचा आवाज चढला, मग खाली आला. "मी सोडून जात नाही. पोरीला घेऊन आधी जातेय. मावशींचं काय व्हायचं ते होऊ दे, तेव्हा तुम्ही दोघं या. तुझे वडील गेले तशी मी जात नाही, एवढं तरी तुला दिसतं का?"

दिसत होतं. पटत नव्हतं. "जा मग!" असं तो ओरडला आणि जिना उतरून गेला, चौकापर्यंत चालला, परत आला, पुन्हा गेला. आईने वरून पाहिलं आणि ताट झाकून ठेवलं.

मायलेकी गेल्या त्या सकाळी तो हसला, बॅगा उचलल्या, मुलीची वेणीसुद्धा वाकडीतिकडी घालून दिली. घरी परतल्यावर मात्र हातांना चैन पडेना. त्याने टेबलाच्या दोन खुर्च्या उचलून माळ्यावर टाकल्या, उरलेल्या दोन जवळ ओढल्या. बायकोच्या कप्प्यात स्वतःचे कपडे पसरले. दाराशी चपलांचा स्टँड होता, त्यातल्या मायलेकींच्या रिकाम्या खणांत आपले बूट, जुने बूट, कधी न घातलेले बूट कोंबले. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय चाललंय?"

"आवरतोय."

"हं," आई म्हणाली आणि बहिणीकडे निघून गेली.

ऑफिसात त्याने कोड नव्याने लिहिला. प्रत्येक पट्टा पहिल्यापासून जेवढ्या अंतरावर होता, तेवढ्याच अंतरावर नव्या जागी जाईल. मधल्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहतील. मध्येच अडलं तर गेलेले तिकडे, राहिलेले इकडे, आणि हाक मारणाऱ्याला स्पष्ट सांगितलं जाईल. चाळणीबाईंनी शोधशोधून शोधलं आणि शेवटी एकच शब्द पाठवला, 'चालेल.' त्यांच्याकडून हे म्हणजे हारतुरेच. मित्रांनी पाठ थोपटली. भिंगरीला त्याचं काही वाटलं नाही. त्या दोघींना माझ्याशिवाय राहायची सवय होईल, हे एकच त्याला आतून कुरतडत होतं. फोनवर बायको कामाचं भरभरून सांगायची आणि तो हं हं करत घरभर फिरायचा. तिचा आवाज आनंदी असला की त्याला बरं वाटायचं, आणि लगेच वाईटही वाटायचं.

रविवारी मुलीने व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, घर दाखवते!" तो फोन हातात धरून येरझाऱ्या घालत बघू लागला. खिडकी दिसली, खिडकीतलं झाड दिसलं, भिंतीवर तिने काढलेलं चित्र दिसलं. मग टेबल आलं. टेबलाला चार खुर्च्या.

"चार कशाला गं?"

"आपण चार नाही का? ही आजीची, ही तुझी. तुझीवर दप्तर ठेवलं तरी आई ओरडते."

फोन हलत हलत दाराशी गेला. चपलांचा नवा स्टँड. वरचे दोन खण रिकामे, खाली बायकोचे कामाचे बूट, त्याखाली मुलीचे. इथल्यासारखंच, त्याच क्रमाने. त्या घरात सामान ठेवायला जागा कमी पडत होती, ते दिसतच होतं; एक खोकं तर चक्क स्टँडला टेकून जमिनीवर होतं.

"आईला दे," तो म्हणाला.

बायको पडद्यावर आली, केस विस्कटलेले, हातात झाडू.

"वरचे खण रिकामे का ठेवलेस?" त्याने विचारलं. "खोकं खाली पडलंय तुझं."

तिने झाडू भिंतीला टेकवला, नाक वर केलं आणि चाळणीबाईंच्या थाटात म्हणाली, "जागा का सोडली ते तुला कळायची गरज नाही."

आणि मग तो थाट तिला टिकवता आला नाही, म्हणून तिने फोन मुलीकडे दिला.

कॉल संपल्यावर तो दाराशी उभा राहिला. इथला स्टँड त्याच्याच बुटांनी खचाखच भरलेला होता, बोट घालायला जागा नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. तो खाली बसला आणि आपले बूट एकेक करून बाहेर काढू लागला.

आई बहिणीकडून परतली तेव्हा तो तिथेच जमिनीवर होता. जुन्या बुटांचा ढीग एका बाजूला, आणि हातात फडकं. खालचे दोन खण पुसून लख्ख झालेले. माळ्यावरच्या दोन खुर्च्याही टेबलाशी आल्या होत्या.

"अगंबाई," आई म्हणाली, "भिंगरी चक्क बसलीय!"

तिने चपला काढल्या आणि वरच्या, आपल्या खणात ठेवल्या. त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, मुलीच्या खणाच्या कोपऱ्यात थोडी धूळ राहिली होती ती पुसली, आणि ते खण तसेच रिकामे ठेवून ती हात धुवायला आत गेली.