तीन मजल्यांचे तीन रुपये

निहारची गुडगावची कंपनी भाड्याच्या घरांची वेबसाइट बनवत होती. २००१ साल, असल्या वेबसाइटची तेव्हा सगळीकडे टूम होती. भाडं, मजला, ऑफिसपासूनचं अंतर भरलं की डेटाबेसमधल्या हजारो फ्लॅट्समधून सगळ्यांत जवळचे दहा निघावेत, ही क्वेरी निहारनेच लिहिली होती. प्रत्येक रकान्यातल्या फरकाचा वर्ग, मग बेरीज. बेरीज सगळ्यांत कमी, तो फ्लॅट पहिला. स्वारी स्वतःवर जाम खूश होती.

वडील गेल्यावर आई पुण्याहून त्याच्याकडे आली होती. तिचे गुडघे दुखायचे आणि त्याची दिल्लीतली खोली गच्चीवर. "तळमजला मिळाला तर राहते, नाहीतर मी आपली परत जाते," तिने सांगून टाकलं होतं. तिने पुण्यात एकटीने राहावं हे निहारला मुळीच नको होतं.

त्याने तळमजला आणि सहा हजार भाडं घातलं. पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारमधला फ्लॅट पहिला आला. पठ्ठ्याने मजला तपासलासुद्धा नाही, आईला घेऊन थेट बघायला गेला.

"बस, थोडा और ऊपर, माताजी," घर दाखवणारा डीलर किल्ल्या वाजवत पुढे गेला. आई दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली.

"तळमजला म्हणाला होतास ना रे?"

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. भाडं हजारांत, मजले एक, दोन, तीन. कॉम्प्युटरच्या लेखी तीन मजले चढणं म्हणजे तीन रुपये जादा देणं. दोनशे रुपयांनी महाग असलेले तळमजले म्हणूनच मागे पडले होते. घामाघूम झालेल्या आईकडे बघून त्याला लाज वाटली.

उतरताना खालच्या मराठी बाईंशी आईच्या गप्पा रंगल्या. दिल्लीत आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी निहारने रकान्यांना वजनं दिली. एक मजला म्हणजे हजार रुपये. अंतरालाही वजन दिलं, तर ऑफिसजवळच्या नव्या सोसायट्या वर आल्या. तिथे दिवसभर बोलायला चिटपाखरू नव्हतं. त्याने अंतराचं वजन शून्य केलं. मयूर विहारचाच एक तळमजला वर आला. तिथून गुडगाव म्हणजे चार्टर्ड बसने जायला दोन तास, यायला दोन तास.

आईला घर पसंत पडलं. "आणि तुझं ऑफिस?" तिने विचारलं. दिल्ली तिला नवीन होती.

"जवळच आहे."

"मग दुपारचा जेवायला घरीच येत जा. गरम पोळी वाढीन."