राखणदाराची साक्ष

पावसच्या दत्तात्रेय अभ्यंकरांची सत्तर हापूस कलमं सातबाऱ्यावर सरकारच्या नावाने उभी होती, आणि हे त्यांना कळलं वयाच्या पन्नाशीत. महायुद्धात गोऱ्या लष्कराने त्यांच्या वडिलांची, आप्पांची, सड्यावरची जमीन छावणीसाठी घेतली आणि बदल्यात पावसचा कातळ दिला. आप्पांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, डोक्यावरून माती वाहिली, कलमं जगवली. अदलाबदलीचा कागद मात्र कोणी दप्तरी चढवलाच नाही.

१९८० पासून चार वर्षं दत्तात्रेय हेलपाटे घालत होते. महसूलवाले म्हणत, अदलाबदल लष्कराने केली, त्यांना विचारा. लष्कराचं जमीन खातं लिही, इंग्रज जाताना सगळं महसुलाकडे देऊन गेले. दोघांनी हात झटकावेत आणि या गृहस्थाने चपला झिजवाव्यात! लाज कशी ती नाहीच मेल्यांना.

शेवटी रत्नागिरीत एकत्र सुनावणी लागली. दत्तात्रेय पत्नी कुसुमताईंना घेऊन गेले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आप्पांकडचा अदलाबदलीचा कागद वाचून मान डोलावली, तेव्हा दत्तात्रेयांच्या जिवात जीव आला.

"जुन्या जागेशी आता तुमचा काही संबंध नाही, एवढं लिहून द्या, की झालं," साहेब म्हणाले.

"संबंध नाही कसा, साहेब? त्या जागेचा राखणदार आमचा देव हो! दर वर्षी छावणीचा शिपाई फाटक उघडतो, आम्ही आत जाऊन नारळ देतो. चाळीस वर्षांत एकदा चुकवलं नाही."

कुसुमताईंनी त्यांची बाही ओढली. पण राखणदाराला नाही म्हणणं दत्तात्रेयांच्याने मरतानाही झालं नसतं.

लष्कराचा माणूस सावरून बसला. फाटकावरच्या वहीत दर वर्षी यांची सही आहे, म्हणाला. "म्हणजे ताबा सोडलेलाच नाही. अदलाबदल झालीच नाही!"

"अगदी बरोबर," महसूलवाला म्हणाला. चार वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पावसची बाग सरकारी जागेवरचं अतिक्रमण आहे, असं तिथल्या तिथे टाइप होऊन निघालं.

  आपण ऐकलं ते खरं की खोटं, हेच दत्तात्रेयांना कळेना.

"मग आमची सड्यावरची जमीन तरी परत द्या," कुसुमताईच बोलल्या.

साहेबांना नवल वाटलं. "ती कशी देणार, बाई? तिथे लष्कर आहे."

आणि त्यांनी पुढच्या प्रकरणाचा पुकारा करायला सांगितलं.