आजोबांच्या उजव्या कानामागे

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. काजूएवढा माझा जीव. कारखान्यात एका बाईंनी भिंगातून बघत, श्वास रोखून माझी जुळणी केली. मला वाटले, आता कुणाच्या तरी कानाला लागायचे! पण दुकानातून मी थेट खणात जाऊन पडलो, औषधांच्या रिकाम्या पाकिटांशेजारी. आजोबांच्या मुलीने मला हौसेने आणले, तर आजोबा म्हणाले, "मला काय धाड भरलीय? हल्ली लोकच पुटपुटतात."

आजोबा कथा लिहीत. त्यांची नवी कथा एका म्हाताऱ्या जोडप्याची, म्हणजे उघडच त्यांची नि आजींची होती. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ती छापून आजींच्या हातात द्यायची, एवढीच त्यांची इच्छा. संपादकांनी ती दोनदा परत पाठवली. "यातली बायको बोलत नाही, भाषण करते," असा शेरा होता. चिडून आजोबांनी कथा आजींनाच वाचायला दिली.

आजींनी ती सगळी वाचली, कागद नीट जुळवले आणि मोठ्याने म्हणाल्या, "छान बोलते हो बाई. पण आहे कोण ही?"

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप खण उघडला आणि मला कानाला लावले. केस लांब होते, मी दिसलो नाही.

तेव्हा कळले, आजी दोन तऱ्हांनी बोलत. आजोबांशी ओरडून, मोजके: "गोळी घ्या!" आणि त्यांची पाठ वळली की हळूच, "नाही घेतली तर मी एकटी काय करू? तसंही कुठं बोलतो म्हणा आपण."

आजोबा वही घेऊन बसू लागले. अर्धवट वाक्ये, मध्येच बदललेला विषय, सगळे जसेच्या तसे टिपू लागले. कथेतली बायको जिवंत झाली. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत ते मला रुमालाने पुसत.

एका सकाळी आजी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातल्या शर्टालाच म्हणाल्या, "आज आई असती तर शंभरची झाली असती. यांना कसं सांगू? ओरडून सांगण्यासारखं आहे का हे?"

आजोबांनी अर्धे वाक्य लिहिले आणि पेन खाली ठेवले.

"मला सांग ना. ऐकू येतंय."

आजी दचकल्या. "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"आणि गप्प राहिलात?"

"तू बोलत होतीस. मी लिहून घेत होतो."

आजींनी तो शर्ट त्यांच्या अंगावर फेकला. डोळे पुसले. मग जवळ सरकून, हळू आवाजात आईबद्दल सांगू लागल्या. वही तशीच उघडी राहिली.

कथा वेळेवर छापून आली. त्याआधी आजींनी दोन वाक्ये मात्र खोडायला लावली. "ही आपल्यातच राहू देत," म्हणाल्या.

आता नवे यंत्र आले आहे आणि मी डबीत असतो. मित्रांनो, संवाद लिहायचे तर माणसांचे ऐका, पण नुसते टिपून घेऊ नका, उत्तरही द्या. आणि घरात माझ्यासारखे कुणी खणात पडले असेल, तर त्याची बॅटरी आजच बदला. ओरडून सांगता न येणारे काहीतरी मनात धरून त्या घरात कुणीतरी बसलेले असते.